हुकावरचा आकडा

साखळी घ्यायचं मनात आलं तेव्हा मीटरसाहेबांच्या हिशेबाने ते एका संध्याकाळचं काम होतं. दुकानात जायचं, साखळी बघायची, घ्यायची आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं. प्रत्यक्षात त्या कामाला पाच आठवडे लागले. त्यात घरातला फ्रिज बंद पडला, समोरचं बिऱ्हाड बोलेनासं झालं, मोठ्या मेहुण्यांच्या बोटातली अंगठी उतरली आणि एका सरकारी कार्यालयात मीटरसाहेबांकडे लोकांनी अशा नजरेने पाहिलं, की ती नजर आठवली की अजूनही त्यांचे कान गरम होतात.

मीटरसाहेब हे पाणीपुरवठा कार्यालयात मीटर विभागाचे मुख्य निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जिन्यांखाली, कुंड्यांमागे आणि झाकणं गंजलेल्या खड्ड्यांत वाकून धुकट काचेखालचे आकडे वाचले होते. काचेवर चिखल असो, कोळ्याने संसार थाटलेला असो, मीटरसाहेब एकदा वाकले की आकडा घेऊनच उठत. एवढ्या वर्षांत त्यांचं एकही वाचन चुकलं नव्हतं. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि ज्यांचं म्हणणं वेगळं होतं ते सगळे बिल भरणारे लोक असल्यामुळे त्यांचं ते मनावर घेत नसत. एखादा ग्राहक 'तुमच्या मीटरमध्येच काहीतरी बिघाड आहे' असं म्हणाला, की त्याला ते शांतपणे सांगत, "मीटर खोटं बोलत नाही. वाचणाऱ्याला वाचता आलं पाहिजे."

साखळी घ्यायची होती ती पत्नीसाठी. त्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. शाळेत सगळे त्यांना लॅबच्या बाई म्हणत, आपणही बाईच म्हणू. सव्वीस वर्षं बाईंनी परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कोवळ्या कोवळ्या मास्तरांनी केलेले घोटाळे निस्तरले. मग एके दिवशी त्यांनी ठरवलं, की दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या पुष्कळ धुतल्या, आता आपण परीक्षाच द्यावी. नोकरी सांभाळून, जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून, बावन्नाव्या वर्षी त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या. या यशात मीटरसाहेबांचाही वाटा होता. चार वर्षं त्यांनी टीव्हीचा आवाज सातच्या वर नेला नव्हता. ही गोष्ट त्यांनी ऑफिसात, बसथांब्यावर आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही सांगितली होती.

तर पदवीदान समारंभाचं पत्र आलं आणि त्या दिवशी बाईंच्या गळ्यात सोन्याची साखळी असली पाहिजे, असं मीटरसाहेबांनी मनाशी नक्की केलं. बाईंना पत्ता लागू द्यायचा नाही, ही पहिली अट. सोनं असं घ्यायचं की त्याच्या शुद्धतेवर कोणाला बोट ठेवता येऊ नये, ही दुसरी. पहिली अट आधी मोडली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण ते पुढे येईलच.

दुसऱ्या अटीसाठी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांना गाठलं. विमावाले निवृत्त झाले होते, तरी समोरच्या माणसावर कोणतं संकट येऊ शकतं याचा अंदाज घ्यायची सवय सुटली नव्हती.

"सोनं म्हणजे शंभरातले नव्वद लोक फसतात," ते म्हणाले.

"आणि उरलेले दहा?"

"त्यांना अजून कळलेलं नसतं. तुम्ही असं करा, चुंबक घेऊन जा. खरं सोनं चुंबकाला चिकटत नाही."

घरात चुंबक एकच होतं, फ्रिजच्या दारावरचं. मीटरसाहेबांनी ते गुपचूप खिशात घातलं. त्या चुंबकाने नेमकं समारंभाचं पत्र धरून ठेवलेलं होतं. पत्र घसरत फ्रिजच्या मागे गेलं. बाई संध्याकाळी घरी आल्या, पत्र दिसेना, म्हणून दोघांनी मिळून फ्रिज ओढला. पत्र सापडलं, पण ओढताना मागच्या नळीला काय झालं कोणास ठाऊक, फ्रिज एकदा कण्हला आणि गप्प झाला. मेकॅनिक तिसऱ्या दिवशी आला. त्याने विचारलं, "फ्रिज ओढला कशाला?" मीटरसाहेबांनी खिशातलं चुंबक मुठीत घट्ट धरलं आणि सांगितलं, "साफसफाई." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण या माणसाने आपण होऊन फ्रिजमागची साफसफाई काढल्याचं बाईंच्या आठवणीत नव्हतं. त्यांनी नुसतं नवऱ्याच्या मुठीकडे पाहिलं.

चुंबकाचा नाद सोडून मीटरसाहेब मग अभ्यासाला लागले. ग्रंथालयातून पुस्तक आणलं आणि त्यांना कळलं, की दागिन्यावर शुद्धता आकड्यांत लिहिलेली असते. आकड्यांत. हे वाचल्यावर त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हणजे हा तर घरचाच विषय. चोवीस कॅरेट म्हणजे पूर्ण शुद्ध. बावीस कॅरेट म्हणजे चोवीस भागांतले बावीस, हजारात मोजलं तर नऊशे सोळा, म्हणून शिक्का ९१६. अठरा कॅरेटला ७५०. चौदाला ५८५. इथे ते अडले. चौदा भागिले चोवीस गुणिले हजार, हे पाचशे त्र्याऐंशी पूर्णांक काहीतरी येतं. मग पंच्याऐंशी कसं? दोन दिवस ऑफिसात त्यांचं लक्ष लागेना. कॅल्क्युलेटर बदलून पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सोनाराच्या दुकानात पाऊल टाकलं ते हाच प्रश्न घेऊन.

सोनार वयस्क होते, भुवया जाड, बोलणं सावकाश. त्यांनी प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाले, "साहेब, दोन भाग सोनं जास्तच देतात. तक्रार कसली करता?"

मीटरसाहेबांना उत्तर पटलं नाही, पण माणूस पटला. त्यांनी खिशातून नवंकोरं भिंग काढलं. दहापट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात तसलं. ते डोळ्याला लावून त्यांनी ट्रेमधल्या साखळ्या एकेक करून तपासायला घेतल्या. दोन तास. या दोन तासांत तीन गिऱ्हाइकं आली आणि गेली. त्यातल्या एका बाईंनी मीटरसाहेबांनाच दुकानाचे कारागीर समजून कानातलं दुरुस्तीला दिलं.

मीटरसाहेबांची एक खोड इथे सांगितली पाहिजे. आकडा वाचताना त्यांचे कान बंद होतात. डोळा भिंगाला लागला, की शेजारी बँड वाजला तरी त्यांना कळत नाही. मीटर वाचताना एकदा एक कुत्रं त्यांची विजार ओढत होतं, तेही त्यांना शेवटचा आकडा टिपून झाल्यावर समजलं.

ट्रेमध्ये एक साखळी होती, बारीक बारीक पानांची. ती पाहिल्याबरोबर त्यांना बाईंची मान आठवली, टेबलावर पुस्तकात वाकलेली, मागे दोन केस सुटलेली. दुसरी साखळी गोल कड्यांची, जाडसर, काही खास नाही. पण तिचा हूक मोठा आणि त्यावर इंग्रजी आकड्यांतला ९१६ कसा, तर कोरून ठेवल्यासारखा स्वच्छ. पानांच्या साखळीचा हूक अगदीच चिमुकला होता. बाईंची बोटं रसायनांनी खरखरीत झालेली, तो त्यांना लागायचा नाही. शिवाय त्यावरचा शिक्का इतका पुसट, की मीटरसाहेबांनासुद्धा वाचता येईना. हे त्यांनी अर्थातच बोलून दाखवलं नाही.

"तो हूक या साखळीला लावून द्या," त्यांनी भिंगातूनच सांगितलं.

"लावतो," सोनार म्हणाले. "पण साहेब, हूक बावीसचा आहे आणि ही साखळी..."

"असू द्या, असू द्या." मीटरसाहेबांना तेवढ्यात एक शोध लागला होता. त्यांनी हूक चुकून उलटा धरला होता, आणि तरीही त्यावर ९१६च दिसत होतं. नऊचे सहा होतात, सहाचे नऊ, एक तिथेच राहतो. कसाही धरा, आकडा तोच. इतक्या प्रामाणिक आकड्याची आणि आपली गाठ इतक्या उशिरा पडावी, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. पावती त्यांनी घडी करून पाकिटात ठेवली आणि हूक वाचत वाचत घरी आले.

आता विद्या हातात आली, की माणसाला ती दुसऱ्याच्या दारात नेल्याशिवाय राहवत नाही. विमावाल्यांनी इमारतीत बातमी पसरवली आणि लोक आपले दागिने मीटरसाहेबांना दाखवायला येऊ लागले. अर्थात बाई शाळेत असताना. पहिले चार दिवस सगळं गोड चाललं. मीटरसाहेब भिंग लावत, "हं" म्हणत, मुद्दाम थोडं थांबत आणि आकडा सांगत. लोक आभार मानत. पाचव्या दिवशी समोरच्या वहिनी बांगडी घेऊन आल्या.

"हिच्यावर यांच्या नावाची अक्षरं आहेत," त्या लाजून म्हणाल्या. "लग्नाच्या वाढदिवसाला यांनी खास घालून घेतली होती. जी.पी."

मीटरसाहेबांनी पाहिलं. अक्षरं जी.पी.च होती. वहिनींच्या यजमानांचं नाव आणि आडनाव याच अक्षरांनी सुरू होत होतं, हेही खरं. इथे कोणत्याही शहाण्या माणसाने 'वा, छान' म्हणून बांगडी परत दिली असती. मीटरसाहेबांनी एकतीस वर्षांत वाचलेलं कधी लपवलं नव्हतं.

"वहिनी, जी.पी. म्हणजे गोल्ड प्लेटेड, सोन्याचा मुलामा. आत दुसरा धातू आहे."

वहिनींनी बांगडी पदराखाली घेतली. मीटरसाहेबांना चूक कळली आणि त्यांनी ती सावरायला घेतली, तिथे खरा घात झाला. "म्हणजे तुमच्या यजमानांची अक्षरंही असू शकतात. योगायोगाने मुलामाही असू शकतो. दोन्ही एकदम असू शकतं."

त्या संध्याकाळी समोरच्या दारामागून बराच वेळ बोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी समोरचे गृहस्थ, जे रोज मीटरसाहेबांना आपल्या गाडीतून ऑफिसपर्यंत सोडत, ते त्यांच्या देखत गाडी काढून निघून गेले. मीटरसाहेब बसने गेले. पुढच्या दोन आठवड्यांत ते इतक्या बसने गेले, की कंडक्टर त्यांना ओळखू लागला.

याने माणूस सुधारला असता. पण त्याच रविवारी मोठे मेहुणे आले. बाई समारंभाच्या तालमीला गेल्या होत्या. मोठे मेहुणे म्हणजे बाईंचे थोरले भाऊ, फर्निचरच्या एका मोठ्या दालनाचे व्यवस्थापक. बोलताना ते उजव्या हातातली अंगठी टेबलावर ठोकत. ग्राहकाशी बोलतानाही ठोकत आणि भाऊजींशी बोलतानाही. "आपला शब्द म्हणजे या अंगठीसारखा, भाऊजी. बावीस कॅरेट." हे वाक्य मीटरसाहेबांनी लग्न झाल्यापासून ऐकलं होतं.

"बघू," मीटरसाहेब म्हणाले आणि भिंग काढलं.

तेव्हा विमावाले तिथेच बसले होते. ते नसते तर कदाचित सौम्यपणे सांगता आलं असतं. पण श्रोता मिळाला, की सौम्यपणा राहतो कुठे? मीटरसाहेबांनी अंगठी फिरवली, पुन्हा फिरवली आणि जाहीर केलं, "पाचशे पंच्याऐंशी. चौदा कॅरेट."

मोठ्या मेहुण्यांचा हात हवेतच राहिला. "भिंगातून काहीही दिसतं," ते म्हणाले.

"दादा, आकडा खोटं बोलत नाही."

"मग तुमच्याकडे काय आहे खरं? दाखवा ना."

मीटरसाहेबांच्या अभिमानाने त्यांच्या गुपिताला मागे टाकलं. ते उठले, बुटांच्या खोक्यात मोज्याखाली लपवलेली साखळी काढली आणि मेहुण्यांपुढे धरली. "तुमच्या बहिणीसाठी घेतली आहे. समारंभाला देणार आहे. नऊशे सोळा. उलटं धरून बघा, तरी नऊशे सोळा."

मेहुण्यांनी उलटं धरलं नाही, सुलटंही वाचलं नाही. "हा आकडा कोणीही ठोकेल. तपासणी केंद्रातून लिहून आणा. शुक्रवारी येतो मी." जाताना त्यांनी अंगठी बोटात घातली नाही, खिशात टाकली.

बुधवारी मीटरसाहेबांनी अर्धी रजा टाकली आणि सोनं तपासणाऱ्या सरकारी केंद्रात गेले. लांबलचक दालन, एक खिडकी, आठ माणसांची रांग. खिडकीतल्या कारकुनाने तीन प्रतींत अर्ज मागितला. मीटरसाहेब स्वतः सरकारी माणूस, तेव्हा त्यांनी मन लावून भरला. वस्तूचं वर्णन: 'साखळी, नाजूक, पानांच्या नक्षीची, देखणी.'

कारकुनाने 'देखणी' खोडलं. "हा गुण इथे तपासत नाहीत." मग त्याचं पेन खाली सरकलं. "मालकाची सही?"

"साखळी पत्नीची आहे."

"मग त्यांना घेऊन या."

"तिला हे माहीत नाही."

रांगेतली चुळबुळ थांबली. कारकुनाने चष्मा वर केला. "बायकोला न सांगता तिची साखळी तपासायला आणलीत?"

"तशी ती अजून तिची नाही."

"मग कोणाची आहे?"

"होणार आहे तिची. शनिवारी."

"आणि शनिवारपर्यंत?"

मागे कोणीतरी घसा खाकरला. एका वयस्क बाईंनी आपली पर्स दुसऱ्या काखेत घेतली. एकतीस वर्षं ज्यांना अंगणात शिरताना लोकांनी 'या साहेब' म्हटलं, ते मीटरसाहेब भर रांगेत संशयित म्हणून उभे होते. त्यांनी खूप समजावलं. पदवी, समारंभ, रसायनशास्त्र, टीव्हीचा आवाज, सगळं सांगितलं. कारकून शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे विकत तुम्ही घेतली, दिली अजून नाही. मालक तुम्हीच की. सही करा." हे त्याला पहिल्याच वाक्यात सांगता आलं असतं, पण मग टीव्हीचं ऐकायला मिळालं नसतं.

आत एक तरुण तंत्रज्ञ बाई होत्या आणि ओव्हनसारखं दिसणारं एक यंत्र. त्यांनी साखळी आत ठेवली.

"हुकावर तपासा," मीटरसाहेबांनी सुचवलं. "शिक्का तिथेच आहे."

"आम्ही तीन ठिकाणी तपासतो, काका."

पडद्यावर आकडे उमटले. हूक, नऊशे सतरा. मीटरसाहेबांची मान ताठ झाली. साखळी, मधोमध, सातशे एक्कावन्न. साखळी, कडेला, सातशे पन्नास.

मीटरसाहेब पडद्याजवळ गेले. भिंग काढलं, पडद्याला लावलं. आकडे मोठे झाले, वेगळे झाले नाहीत.

"तुमच्या यंत्रात काहीतरी बिघाड आहे," ते म्हणाले.

"सकाळीच पडताळलंय, काका. यंत्र बरोबर आहे."

आपणच एकतीस वर्षं लोकांना दिलेलं उत्तर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीच्या अलीकडून ऐकलं. ते किती कोरडं लागतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

तिथून ते तडक दुकानात गेले. बसमध्ये त्यांनी भाषण तयार केलं होतं. त्यात 'विश्वास' हा शब्द सहा वेळा येत होता. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ते बरंच झालं. त्यांनी केंद्राचा दाखला काउंटरवर ठेवला आणि भाषण सुरू केलं. सोनारांनी तिसऱ्या 'विश्वासा'पर्यंत मध्ये तोंड घातलं नाही. मग विचारलं, "साहेब, पावती वाचलीत का?"

मीटरसाहेब थांबले. पाकीट उघडलं. घेतल्या दिवसापासून तिथे घडीत असलेली पावती उलगडली. तिच्यावर चांगल्या टपोऱ्या अक्षरांत, भिंगाची काहीएक गरज पडू नये अशा, लिहिलं होतं: 'साखळी, अठरा कॅरेट, ७५०. हूक, बावीस कॅरेट, ९१६.' किंमतही तशीच लावलेली होती.

"त्या दिवशी तोंडीही सांगत होतो," सोनार म्हणाले. "तुम्ही 'असू द्या, असू द्या' म्हणालात. मला वाटलं, साहेबांना चालतंय."

चारही गिऱ्हाइकांनी एकदम काचेतले दागिने न्याहाळायला घेतले. मीटरसाहेब काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले. केसाएवढा आकडा वाचणाऱ्या माणसाने बोटाएवढी अक्षरं वाचली नव्हती. मीटर चुकलं नव्हतं, यंत्र चुकलं नव्हतं, सोनार तर नाहीच नाही.

सोनारांनी पाण्याचा पेला पुढे केला. "बदलून देतो की. बावीसमध्ये दुसरी बघा. पण ही नक्षी बावीसमध्ये होत नाही. सोनं मऊ पडतं, इतकी बारीक पानं रोजच्या वापरात वाकतात."

मीटरसाहेबांनी गोल कड्यांची साखळी पुन्हा पाहिली. ती होती तशीच होती, काही खास नाही. त्यांनी पानांची साखळी हातात घेतली. हूक चमकत होता. ९१६. दाखला फाडून टाकला आणि नुसता हूक दाखवला, तर मोठे मेहुणे काय करणार होते? विमावाल्यांना काय कळणार होतं? समारंभाला सगळे हूकच वाचणार, आणि तोही मानेमागे असतो. हा विचार त्यांच्या मनात चांगला मिनिटभर राहिला, हे त्यांनी नंतर बाईंना कबूल केलं.

"हा हूक काढा," ते म्हणाले. "हिच्याच जातीचा लावा. मोठा बनवा, तिच्या बोटांना लागेल असा. आणि त्यावर सातशे पन्नास स्पष्ट ठोकून घ्या."

"स्पष्ट म्हणजे?"

"मला भिंगाशिवाय दिसेल इतका."

शुक्रवारी संध्याकाळी मोठे मेहुणे आले. बाई घरी होत्या, कपाटातून उद्याचे कपडे काढत होत्या. मेहुण्यांनी टेबलावर ठोकायला हात उचलला आणि नुसतीच बोटं ठोकली. अंगठीच्या जागी कातडीचा पांढरा पट्टा दिसत होता. पाच दिवस त्यांनी ती घातली नव्हती.

"आणला का कागद?" ते म्हणाले.

मीटरसाहेबांनी बाईंना हाक मारली. "अगं, जरा इकडे येतेस?" बाई आल्यावर त्यांनी साखळी टेबलावर ठेवली, शेजारी दाखला ठेवला, त्याशेजारी पावती ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चुंबक, फ्रिज, जी.पी., रांग, कारकून, सोनार. शेवटी म्हणाले, "ही अठरा कॅरेटची आहे. मी आकडा वाचला आणि साखळी वाचली नाही. माझं वाचन चुकलं."

मोठ्या मेहुण्यांनी हसायला तोंड उघडलं. पण भाऊजींच्या तोंडून हे शेवटचं वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते, त्यामुळे हसायचं राहूनच गेलं.

बाईंनी साखळी उचलली, दिव्याकडे धरली. "शुद्ध सोनं मऊ असतं," त्या म्हणाल्या. वर्गात फळ्यापाशी बोलावं तसा त्यांचा आवाज होता आणि त्या घराने तो आवाज यापूर्वी ऐकलेला नव्हता. "सोन्याचे अणू एकमेकांवरून सहज घसरतात. तांब्याचे अणू लहान. ते मधे बसले की घसरणं अडतं, धातू कणखर होतो. हजारात साडेसातशे भाग सोनं आणि उरलेल्यात चांदी, तांबं. मी रोज घालणार ना? मग अठराच हवं. बावीसची आणली असतीत तर बदलून आणायला लावली असती."

"तुला हे सगळं येतं?" मीटरसाहेब म्हणाले.

"तिसऱ्या वर्षाला मिश्रधातूंचा अख्खा पेपर होता. टेबलावर महिनाभर ते पुस्तक पडलं होतं. तुम्ही त्यावर चहाचा कप ठेवायचात."

चार वर्षं टीव्हीचा आवाज कमी ठेवणारा नवरा म्हणून मीटरसाहेब गावभर मिरवले होते, पण तो कशासाठी कमी ठेवला होता त्या पुस्तकाचं एक पान त्यांनी उलटून पाहिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली आणि त्याच वेळी आपल्या जेवणाच्या टेबलावर इतकी मोठी बाई बसत होती, याचा असा काही अभिमान वाटला की दोन्ही एकदम कसं वाटतं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

बाईंनी भावापुढे हात केला. "दादा, अंगठी."

मेहुण्यांनी खिशातून ती काढली. रुमालात बांधून ठेवली होती. बाईंनी आकडा पाहिला. "खोटी नाही ही. चौदा कॅरेट, म्हणजे निम्म्याहून जास्त सोनं. तू इतकी वर्षं टेबलं ठोकतोस, बावीसची असती तर केव्हाच चेपली असती."

"खोटी नाही ना?" मेहुण्यांनी पुन्हा विचारलं. पाच दिवस हा माणूस दालनात गप्प गप्प बसून होता, हे त्यांच्या या एका प्रश्नावरून दोघांनाही कळलं. मीटरसाहेब उठले आणि म्हणाले, "दादा, मी विमावाल्यांसमोर बोललो ते चुकलं." मेहुण्यांनी अंगठी बोटात सरकवली. ती घट्ट बसली.

शनिवारी सभागृह भरलं होतं. आईवडील, आजीआजोबा, कॅमेरे, लहान मुलांची रडारड. मीटरसाहेब आणि मोठे मेहुणे तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारच्या गृहस्थांनी गप्पांना सुरुवात केली.

"तुमचं कोण? मुलगा की मुलगी?"

"बायको," मीटरसाहेब म्हणाले.

गृहस्थांना नीट ऐकू आलं नसावं. "मुलगी का?"

"बायको. रसायनशास्त्र. मिश्रधातूंच्या पेपरात पंच्याहत्तर गुण." हे गुण त्यांनी त्याच दिवशी सकाळी गुणपत्रिका मांडीवर घेऊन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढले होते.

व्यासपीठावर नाव पुकारलं गेलं. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या रांगेतून बाई पुढे आल्या, झगा थोडा लांब होता तो एका हाताने उचलून धरत, पण घाई न करता. अध्यक्षांनी पदवी देताना काहीतरी विचारलं, बाईंनी काहीतरी उत्तर दिलं आणि अध्यक्ष उठून उभे राहिले. ते काय बोलले ते तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचलं नाही. मीटरसाहेब मात्र त्याआधीच उभे होते आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होते.

"अहो, बसा खाली, दिसत नाही," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

मीटरसाहेबांचे कान बंद होते. ते बसले नाहीत, म्हणून मोठे मेहुणेही उभे राहिले. ते मीटरसाहेबांपेक्षा वीतभर उंच असल्यामुळे मागच्या रांगेला पुढचं काहीच दिसलं नाही.